दोन हवांमधला पत्रा

मोटारीच्या मागे जोडून ओढत नेता येणारी आणि मुक्कामाच्या जागी उभी करून घरासारखी वापरता येणारी चाकांवरची खोली अमेरिकेत व कॅनडात ‘ट्रॅव्हल ट्रेलर’ या नावाने ओळखली जाते, आणि अशा खोल्यांपैकी ज्या साधारणपणे १९३० ते १९७० च्या दरम्यान बांधल्या गेल्या त्या आज तेथील हौशी लोकांना जुन्या मोटारींइतक्याच मोलाच्या वाटतात. मोटारीतून मुक्काम करत हिंडणाऱ्यांची ‘टिन कॅन टुरिस्ट्स’ ही संघटना फ्लोरिडातील टँपा येथे १९१९ मध्येच स्थापन झाली होती. तिच्या सभासदांचे तंबू आणि घरगुती बांधणीच्या गाड्या मागे पडून हॉली बोलस यांचा अॅल्युमिनियमचा ‘रोड चीफ’ १९३४ मध्ये आणि वॉली बायम यांच्या एअरस्ट्रीम कंपनीचा ‘क्लिपर’ १९३६ मध्ये आला, तेव्हा विमानबांधणीचे तंत्र, म्हणजे पातळ पत्रा रिव्हेटांनी सांगाड्यावर ठोकून बसवण्याची पद्धत, रस्त्यावरच्या घरात शिरली. या तंत्रामुळे ट्रेलर हलका आणि देखणा झाला, पण थंडीपुढे उघडाही पडला. अॅल्युमिनियम ही उष्णता झपाट्याने वाहून नेणारी धातू आहे, जुन्या ट्रेलरच्या भिंतीत पत्रा आणि आतील प्लायवूड यांच्यामध्ये उष्णतारोधकाचा जेमतेम दोन-तीन बोटांचा थर असे, आणि रॉकी पर्वतातील किंवा मिशिगनमधील शरद ऋतूची रात्रही शून्याखाली सहज उतरते. त्यामुळे निजण्याच्या जागेपासून हातभर अंतरावर जळणारे काहीतरी असणे या घरांना पहिल्यापासूनच भाग पडले.

सुरुवातीला हे ‘काहीतरी’ म्हणजे लाकूड, कोळसा किंवा रॉकेल यांवर चालणारी छोटी चूल होती. दुसऱ्या महायुद्धानंतर सिलिंडरमधील द्रवरूप गॅस सर्वत्र मिळू लागला, तसा तिच्या जागी गॅसवर जळणारा तापक आला. त्याला तेथे ‘फर्नेस’ म्हणतात. शब्दकोशात या शब्दापुढे ‘भट्टी’ असे लिहिलेले आढळते, परंतु मराठीत भट्टी म्हटले की विटांची, चुन्याची नाहीतर दारूची आठवते, आणि येथे अभिप्रेत असलेली वस्तू म्हणजे कपाटाच्या खालच्या खणात मावणारी पत्र्याची पेटी असल्यामुळे फर्नेस हाच शब्द ठेवणे सोयीचे आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या अशा असंख्य पेट्या अद्याप ट्रेलरांत जागच्या जागी आहेत, त्यांतील कित्येक पेटतातही, आणि प्रश्न नेमका तेथेच उभा राहतो. कारण फर्नेस पेटणे आणि ती वापरण्याजोगी असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

हा फरक समजण्यासाठी ज्वलनाचा हिशेब पाहावा लागतो. उत्तर अमेरिकेतील सिलिंडरमध्ये मुख्यतः प्रोपेन असतो. प्रोपेनच्या एका रेणूला पूर्ण जळण्यासाठी ऑक्सिजनचे पाच रेणू लागतात, आणि हवेत ऑक्सिजनचे प्रमाण एकपंचमांशाच्या आसपासच असल्याने एक घनफूट प्रोपेनला सुमारे चोवीस घनफूट हवा खर्ची पडते. आता पाच मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच अशा, म्हणजे वीस घनमीटर हवा मावणाऱ्या मध्यम ट्रेलरचा विचार करावा. त्यात ताशी १२,००० बीटीयू उष्णता देणारा तापक खोलीतच उघडा जळत ठेवला (एक पौंड पाण्याचे तापमान एक अंश फॅरनहाइटने वाढवणारी उष्णता म्हणजे एक ब्रिटिश थर्मल युनिट किंवा बीटीयू, १२,००० बीटीयू म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॉट), तर तो तासाला पाव किलो प्रोपेन खातो, त्यापायी खोलीतील ऑक्सिजनचा सुमारे सहावा हिस्सा संपवतो, आणि ४०० मिलिलिटर पाण्याची वाफ खोलीत सोडतो. ट्रेलर अगदी हवाबंद असेल तर हवेतील ऑक्सिजनचे २१ टक्क्यांचे प्रमाण तासाभरात १८ टक्क्यांच्याही खाली येते. प्रत्यक्षात फटींतून थोडी हवा आत येत राहते, म्हणून परिणाम इतका झपाट्याने होत नाही. पण जुन्या ट्रेलरची डागडुजी करणारा मनुष्य सर्वांत आधी याच फटी बुजवतो, ही गोष्ट विसरता येत नाही. खोलीत सोडलेली ती वाफ थंड पत्र्यावर दवासारखी जमते, भिंतीतील लाकूड कुजवते आणि कालांतराने फर्नेसच्या पत्र्यालाही गंज चढवते. शेगडीवरच्या बर्नरने खोली तापवणे का वर्ज्य आहे, याचे उत्तर या एवढ्या आकडेमोडीतच मिळते.

ऑक्सिजन कमी पडू लागला की घडणारी दुसरी गोष्ट अधिक घातक असते. पुरेशी हवा मिळाली तर प्रोपेनमधील कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो; हवा अपुरी पडली किंवा ज्योत एखाद्या थंड पृष्ठभागावर आदळून अर्धवट जळाली तर त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. या वायूला रंग नाही, वास नाही आणि घशाला झोंबण्याचा गुणही नाही. रक्तातील ऑक्सिजन वाहणाऱ्या हीमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे ते अडीचशे पट अधिक घट्ट चिकटतो. त्यामुळे हवेत त्याचे प्रमाण अगदी अल्प असले तरी तासागणिक रक्तातील अधिकाधिक हीमोग्लोबिन त्याच्या ताब्यात जाते आणि छातीचा भाता नीट चालू असूनही शरीर आतून गुदमरते. डोके दुखणे, मळमळणे, गरगरणे, हातापायांत त्राण न राहणे ही त्याची लक्षणे प्रवासातल्या शिळ्या अन्नाने किंवा साध्या तापानेही उद्भवू शकतात, म्हणून ती फसवी आहेत. मात्र ट्रेलरमधील सर्वांनाच ती एकदम जाणवू लागली आणि बाहेर मोकळ्यावर गेल्यावर कमी झाली, तर संशयाला जागा उरत नाही. झोपलेल्या माणसाला तर ती जाणवतही नाहीत. येथे एक गैरसमज दूर करणे इष्ट आहे. कोरोनाच्या काळात घरोघरी पोहोचलेला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर या बाबतीत निरुपयोगी ठरतो, कारण कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हीमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनयुक्तच भासते आणि माणूस अत्यवस्थ असतानाही तो समाधानकारक आकडा दाखवतो.

महाराष्ट्रातील वाचकाला हा धोका अपरिचित नाही. खिडकी नसलेल्या न्हाणीघरात बसवलेल्या गॅस गिझरने घेतलेल्या बळींच्या बातम्या मुंबई-पुण्याच्या वृत्तपत्रांत हिवाळ्यात येतात, आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी धुमसत ठेवून निजू नये हे शहाणपण तर गॅस येण्याच्या कितीतरी आधीचे आहे. ट्रेलरमधील फर्नेस याच दोहोंची नातलग असून फरक इतकाच, की ट्रेलरची खोली न्हाणीघराहून फारशी मोठी नसते आणि तीत माणसे दहा मिनिटे नव्हे, तर रात्रभर असतात.

फर्नेसची रचना समजून घ्यायची तर मराठी घरातील तांब्याच्या बंबाइतके चपखल उदाहरण शोधून सापडणार नाही. बंबाच्या मधोमध उभी नळी असते, तीत विस्तव असतो, भोवती पाणी असते. विस्तवाची उष्णता नळीच्या पत्र्यातून पाण्याला मिळते, पण राख, धूर आणि पाणी यांची एकमेकांशी गाठ पडत नाही. फर्नेसमध्ये पाण्याची जागा खोलीतील हवेने घेतलेली असते. आतल्या पोकळीत गॅस जळतो, जळालेला वायू धुराड्याने बाहेर जातो, आणि त्या पोकळीच्या पत्र्याला बाहेरून स्पर्श करत जाणारी खोलीतील हवा गरम होऊन परत खोलीत येते. या पोकळीला उष्णता-विनिमयक म्हणतात, म्हणजे दोन प्रवाहांना एकत्र न येऊ देता एकाची उष्णता दुसऱ्याला देणारा भाग. बंबाची नळी गळू लागली तर विस्तव चुरचुरतो आणि घरातल्यांना वर्दी मिळते. विनिमयकाला चीर पडली तर कसलीच वर्दी मिळत नाही. जुन्या फर्नेसच्या सुरक्षिततेचा सारा विचार शेवटी या एका पत्र्यापाशी येऊन ठेपतो: अग्नीची हवा आणि माणसांची हवा वेगळी राहिली पाहिजे.

या कसोटीवर जुन्या तापकांची प्रतवारी आपोआप होते. ज्यांना धुराडेच नाही, ज्यांचा जळालेला वायू सरळ खोलीत मिसळतो, ते सर्वांत खालच्या प्रतीचे. त्यांची वकिली करण्याचे कारण नाही. त्यांच्यावर एक पायरी येतात त्या छतातून धुराडे काढलेल्या, पंखा नसलेल्या फर्नेस. त्यांचा धूर बाहेर जातो खरा, पण जळण्यासाठी लागणारी हवा त्या खोलीतूनच घेतात. धुराड्यातील गरम वायू हलका होऊन वर चढतो आणि त्याच्या ओढीने खालून ताजी हवा बर्नरकडे येते, या नैसर्गिक ओढीवर ही व्यवस्था उभी असल्याने ती ओढ उलटली की सगळेच बिघडते. खिडक्या घट्ट बंद असताना ओट्यावरचा धूर बाहेर फेकणारा पंखा कोणी सुरू केला, तर त्या पंख्याला हवेची सर्वांत सोपी वाट धुराड्याचीच मिळते, आणि वर जायचा धूर खाली, खोलीत ओढला जातो. दुरुस्तीत एकही चूक नसलेली फर्नेससुद्धा अशा रीतीने घातक ठरू शकते. म्हणून अशी फर्नेस जळत असताना एक खिडकी खाली आणि छतावरील झडप थोडी उघडी ठेवणे, पंखा न लावणे आणि निजण्यापूर्वी ती पायलटसह, म्हणजे आत सतत तेवणाऱ्या लहान ज्योतीसह, पूर्ण विझवणे हे तिच्या वापराचे किमान नियम होत. ते पाळायचे नसतील तर ती पेटवू नये.

यांच्याही वरची प्रत बंदिस्त ज्वलनाच्या फर्नेसची. ट्रेलरच्या बाहेरच्या भिंतीवर तिचे एक जाळीदार तोंड असते; त्याच तोंडातून बाहेरची हवा आत घेतली जाते आणि जळालेला वायूही बाहेर टाकला जातो, त्यामुळे खोलीतील हवेशी ज्वलनाचा संबंधच येत नाही. अमेरिकेत करमणुकीच्या वाहनांसाठी अग्निसंरक्षण संघटनेने केलेले एनएफपीए ११९२ हे मानक शेगडी आणि ओव्हन वगळता गॅसवर जळणाऱ्या प्रत्येक उपकरणाकडून नेमकी हीच विभागणी मागते. जुन्या ट्रेलरला हे नवे मानक मागाहून लागू पडत नाही, म्हणून जुनी उघडी फर्नेस बाळगणारा मनुष्य सहसा नियमभंग करत नसतो. पण नियमाची सूट कार्बन मोनॉक्साइडला ठाऊक नसते.

बंदिस्त ज्वलनाच्या ज्या फर्नेसमध्ये विजेवर चालणारा पंखा असतो, तीत बहुधा एकाच मोटारीच्या दोन टोकांना दोन चक्रे बसवलेली असतात, एक ज्वलनासाठी बाहेरची हवा खेचणारे आणि दुसरे खोलीतील हवा फिरवणारे. ट्रेलरमधील १२ व्होल्टची बॅटरी उतरली किंवा जुन्या तारांचे जोड गंजले की ही मोटार मंदावते आणि दोन्ही कामे एकदम ढेपाळतात. हवा कमी म्हणून ज्योत पिवळी पडते, काजळी धरते; फिरती हवा कमी म्हणून विनिमयकाचा पत्रा अवाजवी तापतो. हे टाळण्यासाठी वाऱ्याच्या झोताने ढकलली जाणारी एक पातळ पट्टी असते. झोत पुरेसा नसेल तर ती पट्टी स्विचला टेकत नाही आणि गॅस उघडत नाही. जुन्या फर्नेसच्या दुरुस्तीत एक अक्षम्य अपराध वारंवार दिसतो, तो असा की फर्नेस पेटत नाही म्हणून कंटाळलेला मनुष्य या स्विचची दोन टोके तारेने जोडून टाकतो. मग ती पेटते. जो पहारेकरी आरडाओरडा करत होता त्याचेच तोंड बांधल्यासारखे ते होते, आणि जुना ट्रेलर विकत घेणाऱ्याने फर्नेसच्या पोटात अशी एखादी आगंतुक तार आहे का, हे आधी पाहावे.

विनिमयकाचा पत्रा का फाटतो, याची कारणे साधीच आहेत. प्रत्येक वेळी फर्नेस पेटली की तो प्रसरण पावतो, विझली की आकुंचन पावतो; ही ओढाताण हजारो वेळा झाली की वळणावर, वेल्डिंगच्या कडेला किंवा बर्नरच्या थेट वर केसासारखी चीर पडते. दुसरीकडे, ज्वलनात निर्माण झालेली वाफ थंड पत्र्यावर आतल्या बाजूने जमते, आणि जो ट्रेलर वर्षातून चार रात्री वापरला जातो व उरलेला काळ ओलसर गोठ्यात उभा असतो, त्याची फर्नेस रोज वापरल्या जाणाऱ्या फर्नेसपेक्षा अधिक गंजलेली असू शकते. ‘फार थोडी वापरलेली आहे’ ही विक्रेत्याची शिफारस येथे उलट पडते. चीर शोधण्यासाठी फर्नेस बाहेर काढून अंधारात विनिमयकाच्या आत प्रखर दिवा ठेवतात आणि कोठे प्रकाशाची रेघ बाहेर येते ते पाहतात. वाकड्या जागांसाठी लहान आरसा किंवा नळीच्या टोकाला कॅमेरा असलेले साधन वापरतात. जागेवर पाहता येणारी एक खूण अशी, की आधी स्थिर असलेली ज्योत खोलीतील हवेचा पंखा सुरू होताच लवलवू लागली, तर त्या पंख्याचा वारा कोठून तरी ज्वलनाच्या पोकळीत शिरतो आहे असे समजावे. ही खूण दिसली नाही म्हणजे पत्रा धड आहे असे मात्र सिद्ध होत नाही. चिरेवर वेल्डिंगचे ठिगळ लावणे टिकाऊ ठरत नाही, कारण शेजारचा पत्राही तितकाच थकलेला असतो. फाटलेला विनिमयक बदलायचा, आणि तो मिळत नसेल तर फर्नेस निवृत्त करायची, एवढेच पर्याय उरतात.

ज्योतीच्या रंगावरून बरेच कळते. निळी, आखीव आणि शांत ज्योत म्हणजे हवा पुरेशी. पिवळी, लांब, टोकाला काजळी सोडणारी ज्योत म्हणजे अर्धवट ज्वलन. याचे कारण बहुतेक वेळा क्षुद्र असते: बर्नरच्या नळीत कोळ्याचे जाळे, धुराड्याच्या तोंडात कुंभारमाशीचे मातीचे घरटे, मागच्या कप्प्यात उंदराने जमवलेली कापसाची गादी. फर्नेस हंगामात पहिल्यांदा पेटवण्यापूर्वी धुराडे या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळे असल्याचे पाहणे म्हणूनच अनिवार्य आहे. उंचावरच्या मुक्कामात आणखी एक अडचण येते. तेथे हवा विरळ असते, तेवढ्याच गॅसला लागणारा ऑक्सिजन मिळत नाही, आणि म्हणून समुद्रसपाटीपासून २,००० फुटांपलीकडे दर हजार फुटांमागे बर्नरचा गॅस सुमारे ४ टक्क्यांनी कमी करण्याचा संकेत अमेरिकेतील तंत्रज्ञ पाळतात. फ्लोरिडात निळी जळणारी फर्नेस कोलोरॅडोच्या घाटात पिवळी पडली, तर तो तिचा दोष नव्हे. तरीही ती विझवलीच पाहिजे.

फर्नेसकडे येणारा गॅस हा निराळाच विषय आहे. भारतीय स्वयंपाकघरातील सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण असते. ब्यूटेन उणे अर्ध्या अंश सेल्सिअसला उकळतो, म्हणजे कडाक्याच्या थंडीत त्याचा वायू होणेच थांबते. प्रोपेन मात्र उणे ४२ अंशांपर्यंत वायुरूप होत राहतो, म्हणून थंड प्रदेशाने तो निवडला. सिलिंडरमधील प्रोपेनचा दाब ऋतूप्रमाणे विलक्षण बदलतो. उणे १८ अंशांना तो वातावरणीय दाबाच्या अडीच पटींच्या आसपास असतो, तर ३८ अंशांच्या उन्हाळी दुपारी सुमारे तेरा पट होतो. या चढउताराला लगाम घालून फर्नेसला कायम ११ इंच, म्हणजे २८ सेंटिमीटर, पाण्याच्या स्तंभाइतकाच दाब पुरवणे हे रेग्युलेटरचे काम असते (भारतातील घरगुती रेग्युलेटरचा दाबही साधारण ३० सेंटिमीटरच असतो). रेग्युलेटरमधला रबरी पडदा वर्षानुवर्षांत कडक होतो, त्याचे श्वासछिद्र चिखलाने बुजते, आणि दाब वाढला तर जुन्या बर्नरची ज्योत पेटीबाहेर येऊ शकते. जुना रेग्युलेटर जतन करण्यात काही अर्थ नाही. तो नवा, दोन टप्प्यांत दाब उतरवणारा बसवणे हा या साऱ्या कामातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी खर्च आहे. उभ्या जुन्या सिलिंडरांबाबत तर अमेरिकेत निवडीचा प्रश्नच उरलेला नाही. जादा भरणे रोखणारी झडप नसलेले ४ ते ४० पौंडांचे सिलिंडर १ एप्रिल २००२ पासून पुन्हा भरून मिळत नाहीत, आणि ती झडप असल्याची खूण म्हणजे वरची त्रिकोणी मूठ.

सिलिंडरपासून फर्नेसपर्यंतची नळी बहुधा तांब्याची असून तिचे जोड नळीचे तोंड फुलासारखे पसरवून पितळी नटाने आवळलेले असतात. रस्त्यावरची पन्नास वर्षांची थरथर या जोडांना ढिले करते. साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहणे ही आपल्याकडेही रूढ असलेली परीक्षा चांगली, पण ती फक्त दिसणाऱ्या जोडांची. फरशीखालून जाणाऱ्या नळीसाठी इंग्रजी ‘यू’ अक्षरासारख्या वाकवलेल्या काचनळीतील पाण्याच्या पातळीने दाब मोजणारे साधन जोडतात, मुख्य झडप बंद करतात आणि काही मिनिटे पातळी ढळते का ते पाहतात. पातळी जराही उतरली तर गळती आहे. प्रोपेन हवेच्या दीडपट जड असल्यामुळे गळालेला गॅस वर उडून जात नाही, फरशीवर पाण्यासारखा पसरतो आणि हवेत त्याचे प्रमाण २ टक्क्यांहून थोडे अधिक झाले की ठिणगीची वाट पाहतो. त्याला स्वतःचा वास नसतो. ओळखू यावा म्हणून इथिल मर्कॅप्टन हे दुर्गंधी द्रव्य त्यात मिसळलेले असते. इंधनवायूला असा वास देण्याची सक्ती अमेरिकेत पसरण्यास टेक्सासमधील न्यू लंडन येथील शाळेचा १८ मार्च १९३७ चा स्फोट कारणीभूत झाला. तेथे वास नसलेला नैसर्गिक वायू तळघरात साठला होता आणि सुमारे तीनशे जीव गेले, त्यांत बहुतांश मुले होती. तरीही नाकावर विसंबणे बरे नव्हे, कारण गंजलेल्या सिलिंडरमध्ये हा वास उतरतो आणि उतारवयात घ्राणशक्तीही उतरते.

पायलट म्हणजे बर्नर पेटवण्यासाठी सतत तेवणारी लहान ज्योत. ती वाऱ्याने विझली तर गॅस तसाच वाहत राहू नये, यासाठी तिच्या टोकाशी थर्मोकपल बसवलेले असते. दोन भिन्न धातूंच्या तारांचा जोड तापला की त्यात सूक्ष्म वीज निर्माण होते, हा झेबेक यांनी १८२१ मध्ये नोंदवलेला परिणाम येथे कामाला लावलेला असून, सुमारे ३० मिलिव्होल्टच्या त्या विजेने एक विद्युतचुंबक गॅसची झडप उघडी धरून ठेवतो. ज्योत विझली, जोड थंड झाला की चुंबक सुटतो आणि झडप मिटते. ही व्यवस्था चोख आहे की नाही हे तपासणे सोपे आहे: पायलट विझवावी आणि झडप मिटल्याचा ‘खट्’ आवाज मिनिटाभरात येतो का ते ऐकावे. जेथे थर्मोकपलच नाही अशा अतिजुन्या फर्नेसही अधूनमधून आढळतात, आणि त्यांच्याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. त्या पाहण्याच्या वस्तू आहेत.

धोका केवळ ज्योतीपाशी नसतो. त्या काळच्या फर्नेसभोवती पांढरट पुठ्ठ्यासारखे फलक आणि दारांच्या कडेला दोरीसारखे वेष्टन असे, ते पुष्कळदा अॅस्बेस्टॉसचे असते. ते खरवडले तर त्याचे तंतू फुप्फुसात जातात, म्हणून प्रयोगशाळेकडून खात्री होईपर्यंत त्याला हात लावू नये. भिंतीवरच्या जुन्या थर्मोस्टॅटमध्ये काचेच्या कुपीत पाराही सापडतो.

दोन पहारेकरी मात्र प्रत्येक जुन्या ट्रेलरमध्ये हवेतच, फर्नेस कोणत्याही प्रतीची असो. विषारी हवा ओळखण्यासाठी ब्रिटनच्या खाणकामगारांनी पिंजऱ्यातील कॅनरी पक्षी १९८६ पर्यंत वापरले. जॉन स्कॉट हॉल्डेन या शरीरशास्त्रज्ञाने सुचवलेली ती युक्ती होती. आज ते काम तळहाताएवढे विद्युत साधन करते. अमेरिकेतील मानकानुसार कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण हवेच्या दहा लाख भागांत ४०० भाग झाले तर ते ४ ते १५ मिनिटांत वाजले पाहिजे, ७० भागांना ते एक ते चार तासांत वाजते. यावरून हेही उघड होते, की ते वाजत नाही म्हणजे हवा निर्मळ आहे असे नव्हे, तर ती तत्काळ घातक नाही एवढेच. दुसरे साधन गळालेला प्रोपेन ओळखणारे असून, गॅस जड असल्याने ते फरशीलगत बसवावे लागते. दोन्ही साधने वाहनांसाठी प्रमाणित असलेलीच घ्यावीत, कारण घरगुती साधनाला रस्त्यावरची थरथर आणि उन्हाळ्या-हिवाळ्यातील तापमानाची टोके सोसत नाहीत. आणि त्यांच्या पाठीवर छापलेली मुदत, बहुधा ५ ते १० वर्षे, संपली की बटण दाबल्यावर आवाज येत असला तरी आतला संवेदक मेलेला असू शकतो.

एवढे सगळे पाळूनही जुनी फर्नेस रात्रभर चालवावी काय, या प्रश्नाला सरळ उत्तर आहे. बंदिस्त ज्वलनाची, विनिमयक तपासलेला, सर्व स्विच शाबूत, गॅसचा दाब मोजलेला, अशी फर्नेस जाणत्या तंत्रज्ञाने पारखून दिली असेल तर चालवावी. खोलीची हवा घेणारी फर्नेस जागेपणी, खिडकी उघडी ठेवून, थोडा वेळ चालवावी. बाकीच्या चालवू नयेत. ट्रेलरच्या मूळ रूपाविषयी आग्रही असणारे संग्राहकही आता बहुधा मधला मार्ग घेतात: जुन्या फर्नेसचा एनॅमल चढवलेला दर्शनी पत्रा आणि बटणे जागच्या जागी ठेवतात आणि नवी बंदिस्त फर्नेस शेजारच्या कपाटात लपवतात. अमेरिकेत किंवा कॅनडात राहणाऱ्या ज्या मराठी कुटुंबांना असा एखादा जुना ट्रेलर घेण्याचा मोह होतो, त्यांनी खरेदीपूर्वी फर्नेसचा फाटलेला पत्रा हा किमतीचा नव्हे, तर प्राणांचा प्रश्न म्हणून पाहावा. आणि जेथे जुनी फर्नेस केवळ शोभेसाठी ठेवायची आहे, तेथे तिची झडप बंद करणे पुरेसे नाही. पुढच्या मालकाच्या किंवा एखाद्या लहान मुलाच्या हाताने ते बटण कधीतरी फिरतेच, म्हणून तिची गॅसनळी मुळापाशी तोडून तोंडावर पितळी टोपण आवळून बसवावे आणि साबणाच्या पाण्याने ते टोपणही तपासून घ्यावे.